वाहन पायथ्याशी

(वाचावयाचा भाग : उत्पत्ति २२:१–१९)



नागपुरास सोनेगाव येथे जो विमानतळ आहे, तेथे उमरेड, काटोल, रामटेक ह्या बाजूंची पुष्कळ मंडळी मोटारीने येतात. मोटार कितीही मोलाची असो, ती ठरलेल्या जागी उभी करून मालकास पायीच आत जावे लागते. दारावरचा शिपाई मोटार पाहत नाही. तिकीट व ओळखपत्र पाहतो. जिने घरापासून येथवर आणिले, तिचे काम येथे संपले. बंडीने बाजारास जाणाऱ्यांना हा नियम नवा नाही. बैल झाडाखाली बांधल्यावाचून कोणी बाजारात शिरत नाही.

अब्राहामानेही असेच केले. तिसऱ्या दिवशी ते स्थळ दुरून दिसताच त्याने गाढव व चाकर खालीच ठेविले, आणि लाकडे, विस्तव, सुरी व पुत्र घेऊन तो वर गेला. गाढव वाईट होते काय? मुळीच नाही. त्याच्यावाचून एवढी वाट सरणे कठीण होते. परंतु देवाने गाढव मागितले नव्हते, पुत्र मागितला होता.

आपण बहुधा ह्याच्या उलट करितो. गाढव वर नेतो आणि पुत्राला चाकरांपाशी ठेवितो. उपासनेस बसलो असता कापसाचा भाव, सावकाराचा हप्ता, गुरांचे वैरण हे सर्व मनात बरोबर येते. पण ज्या सख्ख्या भावाशी बांधावरून अबोला आहे, त्याला क्षमा करण्याची गोष्ट आपण दाराबाहेरच ठेवितो. पोटच्या पोराप्रमाणे जपलेला हट्ट तो! देव तोच मागत आहे.

ह्याच विमानतळाचा एक जुना वृत्तांत ऐका. १९४९ सालच्या जानेवारीत रात्रीच्या टपालाची विमाने सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली चार विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई, आणि प्रत्येक विमान आपापल्या शहरी परत जाई. आता विचार करा : एखाद्याने आपल्या थैल्या सोपविण्याचेच नाकारिले असते तर? तो इतक्या दूर येऊन जसा आला तसाच परत गेला असता, आणि त्याच्या शहराचे एकही पत्र कोणास पोहोचले नसते. दर आठवड्यास मंदिरात येऊन काहीच न सोपविता परतणाऱ्याची गत अशीच होय. अब्राहामाने सोपविले, म्हणून त्याला पुत्र परत मिळाला, आणि त्यासह आशीर्वादही.

शेवटी हेही पाहा. अब्राहाम डोंगरावर राहिला नाही. तो चाकरांकडे परत आला व त्यांच्यासह बैरशेब्यास गेला. शेत, गुरे, हप्ता ही सर्व आपली वाट पाहत खाली उभीच असतात, आणि त्यांची काळजी वाहणे हे आपले कर्तव्यच आहे. उपदेशक बंधूंनो, लोकांना संसार टाकावयास सांगू नका. तो घटकाभर कोठे बांधून ठेवावा, एवढे शिकवा. आणि ज्याचा भावाशी अबोला आहे, त्याने येत्या रविवारी मंदिरास निघण्यापूर्वी त्या भावाच्या दारावरून जावे.

काय खाली ठेवावे आणि काय वर न्यावे, हे ओळखण्याची बुद्धी देव आपणां सर्वांस देवो. आमेन.