शेवटचा खंड

त्रिखंडी रहस्यकादंबरीचा तिसरा खंड हाती घेणारा माणूस मोठा उतावळा असतो. पहिल्या दोन खंडांत त्याची इतकी येणी साचलेली असतात की, ती व्याजासह वसूल झाल्याखेरीज त्याला झोप लागत नाही. मीही त्यातलाच. स्टीग लार्सन या स्वीडिश पत्रकाराच्या ‘मिलेनियम’ कादंबऱ्यांचा तिसरा खंड मी मीरा रोडच्या आमच्या घरात चार रात्री जागून वाचला.

लहानपणी आम्ही बाबूराव अर्नाळकर वाचले. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाचे आडनाव ज्या अर्नाळ्याची आठवण देते, ते गाव आमच्या भाईंदरच्या खाडीपलीकडेच आहे. झुंजार किंवा काळापहाड गोष्टीत शिरला की अखेरीस हिशेब चुकता होणार, याची खात्री असे. पुस्तक वाचनालयात परत केले की आमच्यावर कसलेही ऋण उरत नसे.

लार्सनचा तिसरा खंड मात्र वेगळा निघाला. लार्सन 2004 च्या नोव्हेंबरात, वयाच्या 50 व्या वर्षी वारला. तिन्ही खंड त्याच्यामागे, 2005 ते 2007 या काळात प्रसिद्ध झाले. (पुढे 2015 पासून दुसऱ्या लेखकाने ही मालिका चालवली.) या तिसऱ्या खंडात अपराधी कोण, हा प्रश्न फारसा उरलेलाच नाही. डोक्यात गोळी लागलेली लिस्बेथ सालांडर इस्पितळात पडली आहे, आणि बरी होताच तिलाच आरोपी म्हणून न्यायालयात उभे राहायचे आहे. लहानपणीच जिला कागदोपत्री वेडी ठरवले, तिचे म्हणणे ऐकणार कोण, एवढाच प्रश्न आहे.

तिसऱ्या रात्री हा खटला ऐन रंगात आला असता भिंतीपलीकडून बाईमाणसाच्या रडण्याचा आवाज आला. मग काहीतरी आपटले. मी पुस्तकात बोट घालून मिनिटभर ऐकले. नवराबायकोचे भांडण, आपण कशाला मध्ये पडा, असे मनाशी म्हणालो आणि पुन्हा न्यायालयात जाऊन बसलो. लिस्बेथवरचा अन्याय वाचून माझे डोळे पाणावले, हेही सांगितले पाहिजे.

मी दुष्ट आहे काय? तसे मला वाटत नाही. मग कागदावरच्या बाईसाठी रडणारा मी भिंतीपलीकडच्या बाईसाठी उठलो का नाही? रहस्यकथा मन बोथट करतात, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. माझे मन बोथट झाले असते, तर डोळे ओले झाले नसते. खरी गोष्ट अशी की, पुस्तकातल्या दुःखाला शेवटचे पान असते आणि तोवर ते आपल्याकडून काही मागत नाही. शेजारच्या दुःखाला शेवटचे पान नाही. एकदा दार ठोठावले की आपण त्या गोष्टीतले पात्र होतो. मला वाचक राहायचे होते.

जून 2023 मध्ये आमच्या मीरा रोडला एका स्त्रीचा निर्घृण खून उघडकीला आला. शेजाऱ्यांना दुर्गंधी आली, त्यांनी कळवले, तेव्हा पोलीस आले. पुढे कित्येक दिवस लोकलच्या डब्यात आणि भाजीबाजारात ती हकीकत रहस्यकथेसारखी चघळली गेली. मीही चघळली. शेवट सर्वांच्या तोंडी होता. आधीची प्रकरणे कोणालाच ठाऊक नव्हती. त्या शेजाऱ्यांना बोल लावण्याचा मला अधिकार नाही. मी तर आवाज ऐकूनही बसून राहिलो होतो.

मिठागरांच्या काठचे आमचे गाव वाढत वाढत 2002 साली महानगरपालिका झाले. 2020 साली वसई-विरारसह आम्हांला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळाले. बरेच झाले. पण आयुक्तालयाला भिंतीपलीकडचे ऐकू येत नाही. ते शेजाऱ्यालाच ऐकू येते. लिस्बेथचा छळ इतकी वर्षे चालू शकला, तो केवळ दुष्टांच्या बळावर नव्हे. मुलीकडे न पाहता तिच्या कागदांकडे पाहणारी कितीतरी सभ्य माणसेही त्याला कारण झाली. त्यांच्यावर मी पानोपानी संतापलो होतो. त्यांच्या पंक्तीत माझेही पान मांडलेले आहे, हे काही माझ्या ध्यानात आले नव्हते.

चौथ्या रात्री पुस्तक संपले. न्यायालयाचा निकाल लागतो, पण कादंबरी तिथे थांबत नाही. ती संपते एका दारापाशी: बाहेर माणूस उभा आहे आणि लिस्बेथ त्याला आत घेते.

सकाळी मी शेजारची बेल वाजवली. वहिनींनी साखळी न काढता दार बोटभर उघडले.

“काका, काही हवं होतं का?”

“नाही. परवा रात्री आवाज आला, तेव्हाच यायला हवं होतं. काही लागलं तर आमचं दार वाजवा. वेळ बघू नका.”

त्या काही बोलल्या नाहीत. क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि दार लावून घेतले.

पुढे काय झाले, असे वाचक विचारील. अजून काही झालेले नाही. फक्त रात्री बेल वाजली की आता पुस्तक मिटून मी स्वतः उठतो.