एल्फिन्स्टन सापडत नाही

मुंबईत कुणी "गाव कुठलं?" विचारलं की मी "अकोला" म्हणतो. खरं म्हणजे माझं गाव हिवरखेड, तालुका तेल्हारा. पण ते सांगितलं की पुढे "नेमकं कुठे?" येतं, मग अकोट, मग सातपुडा, आणि तोवर दादर आलेलं असतं. शिवाय मोर्शीकडेही एक हिवरखेड आहे. म्हणून अकोला. सोयीचं पडतं.

ही सवय मला कधी खटकली नव्हती. दोन वर्षांपूर्वी ऑफिसात एक साधं काम आलं, तेव्हा पहिल्यांदा खटकली. आमच्या अ‍ॅपमध्ये लोकलच्या स्टेशनांची यादी आहे. कुणी जुनं नाव टाईप केलं तरी स्टेशन सापडावं, म्हणून जुन्या नावांच्या नोंदीही ठेवल्या होत्या. डेटा साफ करायचा होता. मी त्या नोंदी उडवल्या. एल्फिन्स्टन रोडचं 2018 मध्ये प्रभादेवी झालं होतं. इतक्या वर्षांनी कोण शोधणार, असा माझा हिशेब. आठवड्याभरात तक्रारी आल्या. त्यातली एक एवढीच होती : "एल्फिन्स्टन सापडत नाही."

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की नावाला कधी प्रायमरी की करू नये. नावं बदलतात, म्हणून ओळख आकड्यावर ठेवावी. नाव म्हणजे वर चिकटवलेली पट्टी. डेटाबेसपुरतं हे बरोबरच आहे. माणसांच्या बाबतीत ते कितपत लागू पडतं, हा प्रश्न त्या तक्रारीनंतर माझ्या मागे लागला.

नावाच्या मुळाशी गेलं तर एल्फिन्स्टनसाठी रडावं असं काही नाही. स्टेशनाला नाव मिळालं ते 1853 ते 1860 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन यांच्यावरून. बहुतेकांना वाटतं की ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे तेच हे. कॉलेज माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या नावाचं, म्हणजे त्यांच्या काकांच्या. ज्याचं नाव रोज लाखो लोक घेत होते, त्याला लोक काकाच समजत होते! ग्रँट रोड, सँडहर्स्ट रोड, रे रोड, सगळे गव्हर्नरच. राज्य करणाऱ्यांनी पाट्यांवर आपली माणसं लिहिली. ती पुसावी असं कुणाला वाटलं तर त्यात मला अन्याय दिसत नाही.

पण 29 सप्टेंबर 2017 ला सकाळी पावसात, परळ आणि एल्फिन्स्टन रोडला जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली. 23 माणसं गेली. त्या दिवसानंतर 'एल्फिन्स्टन' हा शब्द त्या लॉर्डचा राहिला नाही, असं मला वाटतं. कुणाच्या घरात तो भाऊ परत न आल्याचा शब्द झाला. पुढच्या जुलैत पाटी बदलली. नाव बदलायचं आधीच ठरलेलं होतं, दुर्घटनेशी त्याचा संबंध नव्हता, आणि प्रभादेवी हे नाव तर तिथल्या देवीचं, तिथल्याच वस्तीचं. सगळं रीतसर झालं. तरीही पाटी उतरली तेव्हा गव्हर्नरचं काही गेलं नाही. गेलं असेल ते त्या 23 घरांचं.

म्हणजे नाव कुठून आलं आणि नाव आज कशाचं आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपले वाद मात्र पहिल्यावरच चालतात, आणि तिथेही नीट बघून नाही. 2024 मध्ये राज्य सरकारने ब्रिटिशकालीन म्हणून मुंबईतल्या काही स्टेशनांची नावं बदलण्याचा प्रस्ताव मंजूर केला. त्यात करी रोडचं लालबाग होतं आणि चर्नी रोडचं गिरगाव. आता चर्नी हा कुठला लॉर्ड? एक कथा अशी सांगतात की ही 'चरणी', गुरांची. सरकारने चराईवर कर लावला तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांनी स्वतःच्या पैशांनी ठाकुरद्वारजवळ कुरण विकत घेऊन गुरांना फुकट चरू दिलं. दुसरी कथा ठाण्याच्या चेंदणीकडे बोट दाखवते. खरी कुठलीही असो, दोन्हींत साहेब नाही. मागे 'रोड' लागलं म्हणून नाव साहेबाच्या रांगेत जाऊन बसलं.

मला खरी ओढ आहे ती कुणीच न दिलेल्या नावांची. वडाळ्यात वड आहे, चिंचपोकळीत चिंच आहे. तसाच आमचा हिवर : पांढुरक्या सालीचा, काटेरी, शेंगा बकऱ्यांना आवडतात. आबाजी म्हणायचे, "हिवर होते म्हणून हिवरखेड. आता हिवर गेले, खेड तेवढं रायलं." अकोला-खांडवा मीटरगेजवर आमचं स्टेशन होतं, त्याच्या आधीचं अडगाव बुजुर्ग. आपल्या तोंडी 'बुद्रुक' झालेला फारसी शब्द त्या पाटीवर सरळ उभा असायचा. मीटरगेज बंद झाली, नवी लाइन मेळघाटातून न्यायची की बाहेरून यावर वर्षानुवर्षं वाद चालला. हिवरखेडचं नाव कुठल्या सरकारने बदललं नाही. ते घेणारं माणूस कमी झालं, एवढंच. त्यात मीही आलो. करी रोडवर मी मित्रांशी तासभर भांडू शकतो, पण माझ्या गावाचं नाव दादर येईपर्यंतसुद्धा टिकवत नाही.

ऑफिसात मी त्या नोंदी परत टाकल्या. 'कशासाठी?' या रकान्यात "वापरणारे अजून आहेत" असं लिहिलं. मॅनेजरने काही विचारलं नाही.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा बाबांना म्हटलं, गावात एखादा तरी हिवर दाखवा. ते हसले. "काहून, कोडिंगात लागते काय?" मग गाडीला किक मारून वान नदीच्या बाजूला घेऊन गेले. एका धुऱ्यावर दोन उभे होते. खाली कुणाच्या तरी बकऱ्या होत्या, आणि त्या राखणारा पोट्टा आम्हाला विचारत होता, "कोणत्या गावचे हो तुमी?"