पाठीवरचा पांढरा गोल

वाकडला बायपासच्या पुलाजवळ एक पिवळी क्रेन उभी असते. कात्रज-देहूरोड रस्त्यावर रात्री-अपरात्री कंटेनर आडवा झाला की तिच्या मालकाला फोन जातो. येणारे-जाणारे तिच्याकडे बघत नाहीत. बंपरवर लाल-पांढरे पट्टे, काचेवर ‘म्हातोबा प्रसन्न’, मागे जाड साखळ्या. मी मात्र पहिल्याच दिवशी थांबलो. लांब नाक, उंच अंग, पुढच्या ॲक्सललासुद्धा डिफरन्शियलचा गोळा आणि चेसिसच्या टोकाला ते जाडजूड हुक. मी पिशवी खाली ठेवली, मागच्या चाकांमध्ये डोकं घातलं आणि डिफरन्शियलवरचं जुनं ग्रीस नखानं खरवडलं. खाली पांढरा रंग लागला.

हा रंग शोभेचा नसतो. फौजी गाडीच्या मागच्या डिफरन्शियलवर पांढरा गोल काढतात आणि त्याच्या वर एक बारीक दिवा बसवतात. वरून शत्रूला काही दिसू नये म्हणून रात्री कॉन्व्हॉय हेडलाइट बंद ठेवून चालतो. मागच्या ड्रायव्हरला रस्ता दिसत नाही, दरी दिसत नाही, पुढची गाडीही दिसत नाही. दिसतो फक्त अंधारात तरंगणारा ताटलीएवढा उजेड. त्याच्यावर नजर लावून चालायचं. मी फौजेच्या ईएमईमध्ये, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, व्हेइकल मेकॅनिक होतो. आमची रिकव्हरीची गाडी कॉन्व्हॉयच्या शेपटाला असायची, म्हणजे आमच्यापुढे कायम कुणाचा तरी गोल असायचा आणि आमच्या गोलाकडे बघणारं मागे कुणी नसायचं. झोजिलाच्या पलीकडे अशा रात्री मी काढल्या आहेत.

वाकडच्या क्रेनखालची ती गाडी म्हणजे शक्तिमान, फौजेचा जुना ट्रक. पश्चिम जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत 1959 साली पहिली शक्तिमान तयार झाली. पुढे जबलपूरलाच खास वाहनांचा कारखाना निघाला. 65 आणि 71 या दोन्ही लढायांत हिनं माणसं आणि दारूगोळा वाहिला. 1990च्या दशकात तिची जागा स्टॅलियननं घेतली आणि शक्तिमान लिलावात निघू लागल्या. कुणी लाकूड ओढायला नेल्या, कुणी त्यांच्यावर क्रेन चढवली.

क्रेनचा मालक तिशीतला, मुळशीकडचा. आमच्या भागात फौजेतून आलेला शिपाई असो की सुभेदार, गावाला तो ‘मेजर’च. तोही मला मेजरच म्हणतो. मी त्याला म्हणालो, “बाळा, ही गाडी जपली पाहिजे. हिला मूळ रूपात आणू. खर्चाचं मी बघतो.”

तो हसला नाही, टाळलंही नाही. बोटं मोडत म्हणाला, “मेजर, इंजिन लेलँडचं आहे. गिअरबॉक्स दोनदा बदललाय. केबिन चाकणला बांधून घेतली. टायर, रेडिएटर, वायरिंग, सगळं वडलांच्या काळापासून बदलतच आलंय. आता यात मिलिटरीचं काय राहिलंय ते सांगा, तेवढं जपतो.”

मला उत्तर देता आलं नाही. घरी आलो तरी ते वाक्य डोक्यातून जाईना.

कायद्याकडे बघितलं तर तिथंही हाच पेच. मोटार वाहन नियमांत 121 क्रमांकाचा नियम आहे. संरक्षण खात्याशिवाय कुणाच्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. म्हणजे निवृत्त झालेल्या गाडीला आपला रंग उतरवावाच लागतो, जसा मी गणवेश उतरवला. 2021 साली व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी हवी, मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. शिवाय ती धंद्याला वापरायची नाही. जी गाडी कामावर राहिली, तिचे भाग बदलणारच. जिनं काम सोडलं, तीच मूळ राहणार. राबल्याबद्दल तिला जुनी म्हणून घेण्याचा मानच नाकारायचा, हे माझ्या मनाला पटत नाही.

फौजेत गाडी मोडीत काढताना ‘बीईआर’ असा शेरा पडतो. त्याचा अर्थ दुरुस्त होणार नाही असा नाही. दुरुस्ती परवडणार नाही, एवढाच. हा फरक मी जन्मभर मनात धरून आहे. कंडम हा आपला मराठी शब्द त्याच सरकारी इंग्रजीतून आला, पण मराठीत येताना हा फरक वाटेत सांडला. आपण कंडम म्हणतो तेव्हा त्या वस्तूत काही राहिलंच नाही असं धरून चालतो. हिशेबानं संपलेलं आणि खरोखर संपलेलं यांत फार अंतर असतं.

देहूरोडला एक बुद्धविहार आहे. तिथली मूर्ती बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1954 रोजी स्वतः बसवली. तिथल्याच लष्करी डेपोत स्टोअरकीपर असलेले माझे एक स्नेही रविवारी तिथं असतात. मी त्यांना क्रेनची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, “हवालदारसाहेब, तुमचा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी विचारून झालाय,” आणि त्यांनी मिलिंद राजा आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद सांगितला. राजा रथातून आला होता. नागसेनानं विचारलं, आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? जू, दांडा, लगाम? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. मग सगळ्यांचा ढीग म्हणजे रथ? तोही नाही. यांच्याबाहेर काही रथ आहे? तसंही नाही. तर हे सगळं मिळून जे चालतं, त्याला व्यवहारात दिलेलं नाव म्हणजे रथ. माणसाचंही तसंच, आत वेगळा कुणी बसलेला नाही.

मी वारकऱ्याच्या घरात वाढलो. आत कुणीच नाही हे ऐकलं की माझा जीव घाबरा होतो, आजही होतो. पण मेकॅनिक म्हणून मला त्यातला एक शब्द फार खरा वाटला: मिळून. डिफरन्शियलमध्ये क्राउन आणि पिनियन असे दोन गिअर असतात. ते कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनं तयार करतात. एक खराब झाला तर दोन्ही बदलायचे. या गाडीचा क्राउन त्या गाडीच्या पिनियनला लावला, दोन्ही कितीही चांगले असले, तरी गाडी रडते. वर्कशॉपमध्ये आमच्या उस्तादांनी पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, जोडी मोडायची नाही. तो गुण ना या लोखंडात असतो ना त्या. दोघं एकमेकांवर घासले गेले, मग वर्षानुवर्षं एकमेकांचा भार घेतला, त्यातून तो आलेला असतो. मला वाटतं वस्तूचं ‘तेच’पण असंच असतं. ते सुट्या भागात शोधलं तर सापडत नाही, म्हणून ते नाहीच असं मी म्हणणार नाही.

स्नेह्यांनी त्याच संवादातला दिव्याचा दृष्टांतही सांगितला. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच का? एकच नाही आणि वेगळीही नाही. त्याच दिव्याच्या आधारानं उजेड रात्रभर चालू राहिला. हे ऐकताना मला कॉन्व्हॉयचा दिवाच दिसत होता. आमच्या गावाकडेही असंच आहे. चैत्रात ग्रामदैवत म्हातोबाचं बगाड हिंजवडीहून वाकडला येतं. त्यासाठी नवं लाकूड मुळशीच्या रानातून आणतात. ते पाहून हे बगाड जुनं की नवं असं कुणी विचारत नाही, सगळे त्याच भंडाऱ्यात न्हातात.

मी बाळाला जाऊन सांगितलं की मूळ रूपाचा माझा हट्ट मी सोडलाय. क्रेन उतरवून तिथं ताडपत्रीचा सांगाडा चढवायचा म्हणजे त्याच्या वडलांची सारी मेहनत खरवडून टाकायची. वाटेत पडलेल्याला उचलायचं काम ती आज करते, आमची शेपटाची गाडीही तेच करायची. तिनं ते करतच राहावं. मी फक्त एक गोष्ट मागितली आणि तो हो म्हणाला.

खंडेनवमीला सकाळी मी पान्यांची पेटी घेऊन गेलो. त्यानं क्रेनला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. माझा शर्ट खराब होईल म्हणून त्याच्या आईनं अंथरायला पोतं दिलं. मी गाडीखाली शिरलो. रॉकेलच्या बोळ्यानं डिफरन्शियल पुसलं, ब्रशनं पांढरा गोल पुन्हा काढला. वरचं जुनं होल्डर गंजलं होतं पण ब्रॅकेट शाबूत होतं. नवं होल्डर बसवलं, पार्किंगच्या दिव्यातून वायर ओढली, लहान बल्ब लावला. “बाळा, स्विच दे,” म्हटलं. त्यानं दिला. दिवसाउजेडी तो उजेड जेमतेम दिसत होता. मी गाडीखालीच पडून त्याच्याकडे बघत राहिलो. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, किवळेजवळ ट्रेलर बंद पडला होता. त्यानं मला हात देऊन बाहेर ओढलं, म्हणाला, “मेजर, येताय?” आणि मी शेजारच्या सीटवर चढून बसलो.