तो त्याच्याच शाळेत आला आहे

नेहरूनगर, कुर्ला (पूर्व)

प्रिय बाळा,


तुझा प्रश्न सरळ आहे, उत्तरही सरळच देते. सातवीच्या तुमच्या वर्गात यंदा व्हीलचेअरवर बसणारा मुलगा आला. त्याच्यासाठी तुमचा वर्ग तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आणला. आता काही मुलं कुरकुर करतात, की खाली वारा येत नाही, मैदानाचा गोंगाट होतो. एकाच्या घरी मोठी माणसं म्हणाली, 'अशा मुलांच्या शाळा वेगळ्या असतात, तिकडे का नाही घालत?' त्यांचं खरं की वर्ग खाली आणणाऱ्या तुमच्या सरांचं, असं तू विचारलं आहेस.

सरांचं खरं. तो मुलगा त्याच्याच शाळेत आला आहे.

2009चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी आहे, आणि 2012च्या दुरुस्तीने त्यात दिव्यांग मुलांचा स्पष्ट उल्लेख आला. 2016चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आणखी पुढे गेला. ज्याचं दिव्यांगत्व 40 टक्के किंवा त्याहून जास्त आहे, त्याला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, आणि तेही शेजारच्या शाळेत किंवा हवं असेल तर विशेष शाळेत. निवड त्याची आणि त्याच्या आईवडिलांची. त्यात शाळेने किंवा वर्गातल्या इतर पालकांनी बोलायचं कारण नाही. वर्ग खाली आणणं हेही त्याच कायद्याने शाळेवर सोपवलेलं काम आहे. त्यासाठी त्या मुलाने कुणाचे उपकार मानायची गरज नाही.

आता 'तिकडे' म्हणजे कुठे, ते कुर्ल्यात राहून बघ. दादरची अंधांची शाळा 1900 सालची, ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल 1902ची. कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून वांद्र्याला आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी शाळा निघाली ती 1972 साली, कुलाब्याला. या संस्थांनी मोठं काम केलं आहे, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण सकाळी आठ वाजता कुर्ला स्टेशनचा पूल तू पाहिला आहेस. हार्बरवरून मेन लाइनवर जाताना धडधाकट माणूस तिथे ढकलत ढकलत पुढे सरकतो. चाकाची खुर्ची घेऊन रोज दोनदा तो पूल कोण पार करणार? बहुतेक घरांत ते आईच्या वाट्याला येतं आणि तिची नोकरी सुटते. नाहीतर मूल घरीच राहतं. मुलगी असेल तर ती घरी राहण्याची भीती आणखी जास्त. म्हणून समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग मुलींना महिना 200 रुपये प्रोत्साहन भत्ता ठेवला आहे. इतक्या पैशांत कुर्ल्याहून कुलाब्याची एक खेपसुद्धा टॅक्सीने होत नाही. कायद्यात 'शेजारची शाळा' हे शब्द आहेत, त्यांची किंमत इथे कळते.

कुलाब्याच्या त्या शाळेची गोष्ट तुला सांगायलाच हवी. मिठू अलूर यांची मुलगी मालिनी छिब हिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. म्हणजे शरीराच्या हालचाली सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागाला इजा झालेली. हात, पाय, जीभ मनासारखे वळत नाहीत, पण विचार अगदी लख्ख चालू शकतो. तुझ्या वर्गातल्या मुलाचं बोलणं अडखळतं असं तू लिहिलं आहेस, म्हणून हे नीट लक्षात ठेव. त्या काळी आपल्या देशात मालिनीसारख्या मुलांना घेणारी शाळाच नव्हती. तिच्या आईने स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काढली आणि मुलांना शिकवायला सुरुवात केली. पुढे मालिनी सेंट झेवियर्स कॉलेजात शिकून पदवीधर झाली, लंडनला जाऊन पुढचं शिकली आणि एका बोटाने टाइप करत तिने स्वतःचं आत्मचरित्र लिहिलं. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. विशेष शाळा उभारणाऱ्या याच संस्थेने नंतर आपली मुलं नेहमीच्या शाळांमध्ये घालायला सुरुवात केली आणि आपलं नावही बदलून 'अडॅप्ट' केलं. ज्यांनी वेगळी शाळा स्वतःच्या हातांनी बांधली, त्यांनीच हा निर्णय घेतला, म्हणून मी त्याला वजन देते.

पण नुसतं वर्गात बसवलं की झालं, असं मी म्हणणार नाही. खुणांची भाषा कुणालाच येत नसलेल्या वर्गात एकटं कर्णबधिर मूल दिवसभर बसून राहिलं, तर हजेरीपटावर ते असतं, शिकण्यात नसतं. अशा मुलाच्या घरच्यांनी विशेष शाळा निवडली, तर मी त्यांच्या बाजूने उभी राहीन. आणि विशेष शिक्षक हवेतच. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला पंधरांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण सांगितलं. आपल्याकडे फिरत्या विशेष शिक्षिकेच्या वाट्याला अनेक शाळा येतात. ती आज तुमच्याकडे येते, उद्या दुसरीकडे जाते. बाकीच्या दिवशी तुमच्या वर्गशिक्षकांनाच सगळं निभवावं लागतं.

तुमचे सर आता फळ्याकडे पाठ करून, तुमच्याकडे तोंड करून बोलतात, फळ्यावरचं मोठ्याने वाचतात, तोंडी उत्तरं घेतात, असं तू लिहिलंस. हे फक्त त्या एकासाठी आहे असं समजू नकोस. शेवटच्या बाकावरच्या ज्या मुलाला फळा दिसत नाही आणि ते सांगायला लाज वाटते, त्यालाही ते उपयोगी पडतं. ज्या मुलीची अक्षरं उलटसुलट होतात, तिलाही. अशाच एका मुलावरचा 'तारे जमीन पर' हा चित्रपट आला 2007 साली, पण अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती देण्याची सुरुवात महाराष्ट्राने 1996 मध्येच केली होती. इथून जवळच्या सायन हॉस्पिटलात त्यांची तपासणी होते. या सवलतींच्या आधीच्या कितीतरी मुलांना 'ढ' म्हणून मागे बसवलं गेलं. त्यातली काही आज कुर्ल्यातच चांगले कारागीर आहेत, आणि शाळेचं नाव काढलं की अजूनही गप्प होतात.

तू स्वतः काय करायचं? त्याची खुर्ची त्याला विचारल्याशिवाय ढकलू नकोस. त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांब, मध्येच तू पुरं करू नकोस. क्रिकेटमध्ये त्याला दरवेळी धावा मोजायला बसवू नका. काय खेळायचंय ते त्याला विचारा आणि नियम त्याप्रमाणे वाकवा. गल्लीत तुम्ही नियम बदलताच की. तो चुकला तर त्याच्याशी भांड. उद्या त्याला परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळाला, तर 'त्याचं बरं आहे' असं कुणालाही म्हणू देऊ नकोस. आणि शाळेच्या वाचनालयात नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' मिळालं तर वाच. कोल्हापूरच्या या बाईंनी स्वतः खुर्चीत बसून शेकडो मुलांना उभं केलं.

एक गोष्ट मात्र कुर्ल्याची आहे आणि ती तुझ्या आईने बोलायला हवी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीचं पाणी आपल्या वस्त्यांत शिरलं. आपल्याकडे पाणी पहिल्यांदा तळमजल्यावरच येतं, आणि त्या मुलाचा वर्ग तिथेच आहे. पाणी चढू लागलं तर त्याला वर कोण नेणार, कसं नेणार, हे आधीच ठरलेलं असलं पाहिजे. आपत्तीच्या वेळच्या सुरक्षिततेचं कलम 2016च्या कायद्यात आहेच. दुसरं म्हणजे स्वच्छतागृह. खुर्ची आत जाईल इतकं रुंद दार आणि धरायला दांडी नसेल, तर ते मूल दिवसभर पाणी न पिता बसतं.

तुझी आई माझी विद्यार्थिनी. वर्गात ती कधी गप्प बसली नाही. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच जास्त असतात. हे दोन्ही मुद्दे तिला येत्या सभेत मांडायला सांग आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला सांग. पाऊस लागायच्या आत.

तुझ्या आईच्या बाई