विवाहाकरिता बाप्तिस्मा

आपल्या मंडळ्यांत असा प्रसंग येतो की, विवाह ठरतो, वधू अन्यधर्मी असते, आणि वडील मंडळी म्हणतात, "आधी बाप्तिस्मा, मग लग्न." आठ दिवसांत प्रश्नोत्तरे पाठ होतात, नवे नाव मिळते, आणि कार्य सिद्धीस गेले असे सर्वांस वाटते. परंतु त्या जिवाच्या अंतःकरणाची विचारपूस कोण करितो?

ती प्रार्थनेस गुडघे टेकिते, तेव्हा मनास न पटलेले शब्द आपण उच्चारितो, हे तिला टोचते. सणावारी माहेर आठवते. पण डोळ्यांस पाणी आले, तर लोक तिचा विश्वास कच्चा म्हणतील. शंका विचारावी, तर बाप्तिस्माच खोटा ठरेल हे भय. पतीवर प्रीति असूनही, ‘ह्यांच्यासाठी मी सर्व सोडिले’ हा हिशेब मनात राहतो, व त्याची कटुता हळूहळू संसारात उतरते.

कोणी म्हणेल, अविश्वासणाऱ्यांशी विजोड होऊ नये, असे पौल करिंथकरांस बजावितो. खरे आहे. पण मन न पालटता नाव पालटल्याने जोड जमते काय? विजोडपणा तसाच राहतो. मात्र तो झाकला जातो.

रूथेकडे पाहा. नामीच्या देवाचा स्वीकार तिने लग्नाच्या वेळी नव्हे, तर पति वारल्यावर, आणि नामी तिला वारंवार माघारी जा म्हणत असता केला. आपल्या महाराष्ट्रातही रे. नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, व त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांचा १९०० साली. मध्यंतरी त्यांनी पुष्कळ दुःख सोसले. परंतु जातिभेद मनुष्यकृत आहे हे त्यांस स्वतःच्या विचाराने पटले, आणि पुढे विश्वासही त्यांचा स्वतःचा झाला.

कायद्याचीही सक्ती नाही. १८७२ च्या ख्रिस्ती विवाहाच्या कायद्याप्रमाणे उभयतांपैकी एक ख्रिस्ती असला तरी विवाह लागू शकतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यान्वये तर कोणासच धर्म बदलावा लागत नाही.

म्हणून उपदेशक बंधूंनो, अशा उमेदवारास एकांतात विचारा: "हे लग्न मोडले, तरी तू प्रभूस धरून राहशील काय?" उत्तर नाही असेल, तर बाप्तिस्म्यास थांबा, थांबणे हा अविश्वास नव्हे. आणि ज्यांचा बाप्तिस्मा अशा घाईत होऊन गेला आहे, त्यांच्या शंका व अश्रू दोष न लाविता ऐकून घ्या. प्रभु दाराशी उभा राहून ठोकितो. दार मोडून तो आत येत नाही. मग आपण का मोडावे?