जमिनीखालची भिंत



घर बांधणाऱ्या दोन माणसांचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. संत लूक त्यात एक गोष्ट आवर्जून नोंदवतो: पहिल्या माणसाने खडक लागेपर्यंत खोल खणले. दोन्ही घरे वरून सारखीच दिसली असतील. फरक होता तो जमिनीखाली.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीकाठच्या भातशेतीच्या व मिठागरांच्या जमिनीवर आपले नवी मुंबई शहर वसले. पारसिक डोंगराच्या बाजूला लवकर मुरूम आणि काळा खडक लागतो. खाडीकडे मात्र मऊ, चिकण गाळ. म्हणून पाया घालण्याआधी खाली काय आहे हे पाहावेच लागते.

जमिनीखालच्या भिंतीवर दोन भार असतात. वरून घराचे वजन आणि बाजूने मातीचा रेटा. भिंतीची खोली दुप्पट झाली, की हा एकूण रेटा सुमारे चौपट होतो. पावसाळ्यात पाणी साचले, तर २ मीटर खोलीवर नुसत्या पाण्याचाच दाब दर चौरस मीटरला सुमारे २ टन असतो. म्हणून जाणता गवंडी दगडी भिंत तळाशी रुंद ठेवतो. मधून मधून भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बसवतो. नाहीतर आतली व बाहेरची बाजू सुटी होऊन भिंत फुगते. उतारावरच्या भिंतीला तो पाणी निघून जाण्यासाठी भोके ठेवतो. बांधकाम पक्के होण्याआधी मागे भराव टाकत नाही.

आपल्या कुटुंबांचेही असेच आहे. कर्ज, आजारपण, गेलेली नोकरी यांचा रेटा बाजूने येतो आणि शेजाऱ्यांना तो दिसत नाही. घरातली एकत्र प्रार्थना हा आपला आरपार दगड आहे. प्रायश्चित्त संस्कार आणि एकमेकांशी मोकळेपणाने बोलणे, ही साचलेले पाणी बाहेर जाण्याची वाट आहे. सारे मनात दाबून ठेवणारा माणूस बळकट दिसतो, पण एखाद्या पावसाळ्यात खचतो. आणि नुकत्याच लग्न झालेल्या जोडप्यावर अपेक्षांचा भराव टाकण्याची घाई आपण वडीलधाऱ्यांनी करू नये.

घराला रंग आपण दर काही वर्षांनी देतो. ह्या आठवड्यात पायाकडे पाहू या. घरात कोण मुकाट्याने भार वाहत आहे, हे विचारू या आणि त्याच्या शेजारी बसू या.

आपला खडक जो ख्रिस्त, तो आपली घरे स्थिर राखो. आमेन.