पहिला घास कुणाच्या चवीचा?

नातवाला सातवा महिना लागला आणि आमच्या स्वयंपाकघरात एक प्रश्न येऊन बसला. मऊ भातात मुगाचं वरण घोटून मी भाजलेल्या जिऱ्याची पूड घालत होते, चिमटीच्याही निम्मी, आणि तुपात विरघळवलेला हिंगाचा कण. मीठ-साखर नाही, वर्षभर नकोच, असं डॉक्टरांनी बजावलेलं. सून आपल्या समाजाबाहेरची. ती म्हणाली, "आई, आमच्याकडं लसणाची एक पाकळी शिजवतात वरणात." मी पटकन बोलून गेले, "नको गं, त्याला काय कळतंय अजून? आपण कशाला लादायचं?"

ती हसली. "मग जिरं त्यानं मागितलं होतं होय?"

उत्तर सुचलं नाही. रात्री विचार करत पडले. आईच्या खाण्यातले वास गर्भजलात आणि दुधात उतरतात, हे आता शास्त्रानंही दाखवलंय. बाळंतपण तिच्या माहेरी झालं. म्हणजे तिथला लसूण आणि सातव्या महिन्यापर्यंतचं माझ्या हातचं जिरं, दोन्ही या पोरानं आधीच चाखलंय. कोरी जीभ घेऊन कुणीच जन्माला येत नाही. नुसता भात भरवला तरी तीही एक चवच.

मग माझं जिरं आणि तिचा लसूण सारखेच का? मला तसं वाटत नाही. जिरं ही आमची आवड. लसूण वर्ज्य करणं हा नियम, आणि त्यामागं कारण आहे: कंदात अनंत जीव मानलेत. मधाचंच बघा. डॉक्टर सांगतात, वर्षाआत मध देऊ नका, बाळाला विषबाधा होऊ शकते. आपण तर मध जन्मभर वर्ज्य मानतो, जीवहिंसेपायी. चमचा दोघांचाही थांबतो, पण कारणं वेगळी. नियम असतो तो त्या कारणात. आणि कारण सात महिन्यांच्या बाळाला भरवता येत नाही.

आपल्याकडं म्हणतात, आठ वर्षांपर्यंत मुलाचे मूलगुण आईवडिलांनी सांभाळायचे. सांभाळायचे, म्हणजे ते अजून त्याचे झालेले नाहीत. रसपरित्याग हे तप आहे खरं, पण ज्याला रस ठाऊक आहे त्याचं. न कळत्या वयात सुटलं त्याला त्याग कसं म्हणू?

सकाळी सुनेला सांगितलं, "माझ्या चुलीवर लसूण शिजणार नाही, ते माझं व्रत आहे. तुझ्या माहेरी काय घालतात, ते मी विचारणार नाही. मोठा झाला की त्याला कारण सांगेन. पुढं त्याचं तो ठरवेल."

तिनं मान हलवली. पटलं की नाही, कोण जाणे.

दुपारी चार घास खाऊन त्यानं ओठ घट्ट मिटले. एरवी चिऊकाऊचं नाव घेऊन मी पाचवा घास कोंबलाच असता. माझ्या मुलांना असंच तर भरवलं. पण ते मिटलेले ओठ बघितले आणि वाटलं, बोलता येण्याआधीचा त्याचा पहिला नकार हाच. आणि मी काल लादण्याच्या गोष्टी करत होते!

मी वाटी खाली ठेवली.